कोल्हा, खोकड आणि ‘सॉरी’

गेल्या महिन्यात सीताबर्डीवरून भाचीसाठी एक चित्रपुस्तक आणले. जाड पाने, मोठी अक्षरे, पानापानावर रंगांची उधळण. मुखपृष्ठावर ‘लबाड कोल्हा’ असे काहीसे शीर्षक आणि खाली नारिंगी अंगाचा, पांढऱ्या छातीचा, शेपटीचे टोक बुरशाने पांढरे रंगवल्यासारखा एक गोंडस प्राणी. भाची पाच वर्षांची. तिने पुस्तक उघडण्याआधीच निकाल दिला, “मावशी, हा कोल्हा नाही, फॉक्स आहे.” शेवटच्या पानावर त्या प्राण्याने सगळ्या जंगलापुढे कान पकडले, ‘सॉरी’ म्हटले आणि सर्वांनी मिळून केक खाल्ला.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. केक कुठून आला हा प्रश्न मला पडायला नको होता. पण पडला. कोल्ह्याचा रंग कुणी बदलला, त्याला माफी मागायला कुणी लावली, आणि मुळात तो लहान मुलांच्या पुस्तकात आला कधी? आजचा धागा या तीन प्रश्नांचा आहे. त्यातला एक महत्त्वाचा दुवा नागपूरचा आहे, आणि तो नागपुरातही फारसा कुणाला ठाऊक नसतो.

आधी रंगाचे पाहू, कारण भाचीचे म्हणणे शब्दशः खरे होते.

मराठीत कोल्हा आणि खोकड हे दोन वेगळे प्राणी आहेत. कोल्हा भुरकट, पिवळसर-करड्या अंगाचा, काळपट शेपटीचा, संध्याकाळी गावाबाहेर कोल्हेकुई करणारा. खोकड त्याहून लहान, बारीक तोंडाचे, मोठ्या कानांचे, झुपकेदार शेपटीचे. उमरेड किंवा हिंगण्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो दोघांत गल्लत करणार नाही. इसापाच्या ग्रीक कथांतला धूर्त प्राणी म्हणजे खोकडाच्या जातीचा. पण या कथा मराठीत आल्या तेव्हा त्या जागी कोल्हा बसला, कारण धूर्तपणाची गादी आपल्याकडे आधीपासून कोल्ह्याची होती. भाषांतर म्हणून ही निवड चोख होती. घोटाळा पुढे झाला. शब्द आपला राहिला आणि चित्र मात्र परदेशी पुस्तकातून आले. मराठी पुस्तकातला कोल्हा आज युरोपातल्या तांबड्या खोकडाच्या कातड्यात वावरतो.

या गल्लतीचा पुरावा आपल्या तोंडातच आहे. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण आणि ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण शेजारी ठेवून पाहा. पहिलीतला कोल्हा वाडीत शिरणारा, मिळेल त्या काकडीवर खूश होणारा, शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. दुसरीतला कोल्हा इसापाचा. दोघांना आपण एकच समजतो, हे भाषांतराचे यशच म्हणायचे.

इसाप मराठीत आला तो मात्र पुण्यामुंबईच्या वाटेने नव्हे. सर्वांत आधीचे छापील मराठी इसाप तंजावरचे. तिथल्या सरफोजीराजांनी सख्खन पंडितांकडून इसापाच्या कथांचे भाषांतर करवून घेतले. ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने ते 1806 मध्ये छापले गेले. महाराष्ट्रात मराठी पुस्तकांच्या छपाईचा खडखडाट सुरू होण्यापूर्वी कावेरीकाठी मराठी मुलांसाठी प्राणिकथा छापली जात होती, हे वाचून मी ग्रंथालयात दोन मिनिटे स्वस्थ बसून राहिले होते.

आता नागपूर.

1800 मध्ये लॉर्ड वेलस्लीने कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढले. विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या कोवळ्या वयाच्या कंपनी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणे हे त्याचे काम. 1803 च्या युद्धात आडगाव आणि गाविलगड इथे नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, त्याच वर्षी डिसेंबरात देवगावचा तह झाला, आणि मराठी मुलखाशी कंपनीचा संबंध एकाएकी दाट झाला. कॉलेजात मराठी शिकवण्याची जबाबदारी विल्यम केरीकडे आली. केरी बुद्धिमान होता, पण मराठी काही त्याची मातृभाषा नव्हती. त्याच्या पाठीशी उभे होते पंडित वैजनाथशास्त्री कानफाडे, नागपूरचे.

1805 चे केरीचे मराठी व्याकरण, 1810 चा कोश, या सगळ्यांमागे वैजनाथ पंडितांचे साहाय्य आहे. त्यांच्या नावावर श्रीरामपूरच्या छापखान्यात निघालेली पुस्तकेही आहेत: 1814 ची ‘सिंहासनबत्तिशी’, 1815 चा ‘हितोपदेश’ आणि त्याच सुमारास रघुजी भोसल्यांची वंशावळ. (हे श्रीरामपूर म्हणजे बंगालमधले, हुगळीकाठचे. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. दर वेळी सांगावे लागते.) पुस्तके मोडी लिपीत छापलेली होती, कारण नव्या अधिकाऱ्याला उद्या दप्तर वाचायचे होते आणि दप्तर मोडीत होते.

म्हणजे करटक आणि दमनक हे दोन कोल्हे छापील मराठीत पहिल्यांदा आले त्या सुमारास त्यांच्यामागे एक नागपूरकर होता, आणि वाचक होते सतरा-अठरा वर्षांचे इंग्रज. मुले नव्हेत, आपली तर नव्हेतच.

आणखी एक योगायोग. श्रीरामपूरला 1804 मध्ये हितोपदेशाचे मूळ संस्कृत छापले गेले. देवनागरी टंकांत छापलेल्या अगदी आरंभीच्या संस्कृत ग्रंथांपैकी ते एक. त्याला प्रस्तावना लिहिली हेन्री थॉमस कोलब्रुक या संस्कृतज्ञाने. हा कोलब्रुक 1799 ते 1801 या काळात नागपूरच्या दरबारात कंपनीचा वकील म्हणून राहिला होता. भोसल्यांना कंपनीच्या गोटात ओढणे हे त्याचे काम. ते काही साधले नाही. बैल आणि सिंह यांच्या मैत्रीत फूट पाडणाऱ्या कोल्ह्याचे पुस्तक, त्याची प्रस्तावना अशा माणसाची. इतिहास कधी कधी इतका ठसठशीत विनोद करतो की प्रबंधात लिहायची लाज वाटते. म्हणून इथे लिहिला.

आता कोल्ह्याच्या माफीकडे वळू. ही खरी गुंतागुंतीची गोष्ट आहे.

पंचतंत्राचे पहिले तंत्र मित्रभेद. वर्धमान नावाचा व्यापारी संजीवक नावाचा थकलेला बैल वाटेत सोडून जातो. बैल जंगलात धष्टपुष्ट होतो, त्याची डरकाळी ऐकून पिंगलक सिंह घाबरतो. दमनक मध्यस्थी करून दोघांची मैत्री करून देतो, आणि ती मैत्री इतकी वाढते की कोल्ह्यांना कुणी विचारीनासे होते. मग दमनक सिंहाच्या कानात एक आणि बैलाच्या कानात दुसरे सांगतो. सिंह बैलाला मारतो. दमनक सिंहाचे सांत्वन करतो आणि मंत्रिपद भोगतो.

गोष्ट संपली. शिक्षा नाही, माफी नाही, केक तर नाहीच. करटक त्याला बोल लावतो, चांगला लांबलचक लावतो, पण दमनकाचे वाकडे काही होत नाही.

हे आपल्याला खटकते, तसे बाराशे वर्षांपूर्वीही खटकले होते. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनोशिरवानच्या काळी बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्याचे अरबी केले, ‘कलीला व दिम्ना’. कलीला म्हणजे करटक, दिम्ना म्हणजे दमनक. या अरबी ग्रंथात एक अख्खे प्रकरण असे आहे जे संस्कृतात नाही: दिम्नाची चौकशी. दोन कोल्ह्यांचे बोलणे एका बिबट्याने चोरून ऐकलेले असते, खटला उभा राहतो, दिम्ना वकिलाला लाजवील असा युक्तिवाद करतो, आणि शेवटी त्याला देहदंड होतो. संस्कृत रचनाकाराने ज्याला मोकळा सोडला, त्याला अरबी ग्रंथाने पकडून आणले.

गंमत अशी की ही कथा चित्रांची आहे याचे भानही अरबीतच प्रथम स्पष्टपणे नोंदले गेले. इब्न अल-मुकफ्फा प्रस्तावनेत सांगतो की प्राण्यांची नाना रंगांतली चित्रे घालण्यामागे राजांच्या मनाला रमवण्याचा हेतू आहे, आणि चित्रांच्या ओढीने ग्रंथाच्या प्रती होत राहतील. पुढच्या शतकांत या ग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितांची मोठी परंपराच तयार झाली. चित्रपुस्तक, पण राजासाठी.

म्हणजे कोल्ह्याच्या ‘सॉरी’ची मुळे आजच्या प्रकाशकात शोधणे अन्यायाचे होईल. धूर्ताला मोकळे सोडताना हात थरथरणे जुने आहे. मराठीत मात्र या थरथरीला एक खास शब्द मिळाला: तात्पर्य.

1828 मध्ये सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ मुंबईत निघाली. त्याच वर्षी त्यांचे ‘बाळमित्र’ही. त्याआधी 1822 मध्ये मुंबईतच ‘पंचोपाख्यान’ छापले गेले होते. शाळा निघत होत्या, शाळांना पुस्तके हवी होती, आणि प्राणिकथा हाताशी होत्या. इथे ‘नीती’ या शब्दाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. विष्णुशर्म्याच्या तोंडी नीती म्हणजे राजनीती: राज्य कसे मिळवावे, टिकवावे, शत्रू कसा ओळखावा. शाळेच्या बाकावर नीती म्हणजे चांगले वागणे. शब्द तोच, पण एकाच्या पोटात दमनक सुखाने राहतो आणि दुसऱ्याच्या पोटात त्याला पोटशूळ उठतो. माझ्या मते मराठी मुलाच्या कोल्ह्याचे भवितव्य या एका शब्दाच्या अर्थांतरात ठरले. पुढची दीडशे वर्षे तात्पर्याची ओळ ठरलेल्या जागी येत राहिली, आणि आजच्या चित्रपुस्तकात ती ओळ गेली तरी तिची जागा कान पकडलेल्या चित्राने घेतली.

पण हा सगळा लिहिणाऱ्यांचा इतिहास झाला. सांगणाऱ्यांचे काय?

सांगितलेल्या गोष्टी कागदावर फार क्वचित उतरतात, आणि उतरल्या तर भलत्याच कारणाने. विदर्भापुरते बोलायचे तर सर्वांत जुने उदाहरण तेराव्या शतकातले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्यात स्वामींनी सांगितलेली शेणाच्या घराच्या कावळ्याची गोष्ट आहे. आपण सगळे जी ऐकत झोपलो तीच. सातशे वर्षांहून अधिक काळ ती बिनपुस्तकाची टिकली. तिला स्वामींनी स्पर्श केला म्हणून नोंद झाली, नाहीतर घरोघरच्या असंख्य गोष्टींसारखी तीही हवेत विरली असती.

कोल्ह्याच्या बाबतीत तसा स्पर्श झाला तो एका आयेमुळे.

1865 च्या हिवाळ्यात मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाला. छावणीत त्याची मुलगी मेरी होती आणि तिच्या सोबतीला आया ॲना लिबेराता डिसूझा. ॲनाचे आजोबा मूळचे कालिकतकडचे लिंगायत. गोव्याजवळ येऊन राहिले आणि ख्रिस्ती झाले. लांबच्या प्रवासात वेळ जाईना म्हणून मेरीने गोष्टी सांगण्याचा आग्रह धरला. ॲनाने आजीकडून ऐकलेल्या गोष्टी आठवून आठवून, तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितल्या. 1868 मध्ये लंडनला त्याचे पुस्तक झाले, ‘ओल्ड डेक्कन डेज’. चित्रे मेरीची बहीण कॅथरिन हिने काढली. भारतीय लोककथांचा तोंडी परंपरेतून थेट टिपलेला इंग्रजीतला हा अगदी आरंभीचा संग्रह. आणि विशेष म्हणजे पुस्तकात ॲनाचे आत्मकथनही आहे. नोकर म्हणून जिचे नाव कुठे राहिले नसते तिचे आयुष्य तिच्याच शब्दांत, निदान मेरीने उतरवून घेतलेल्या शब्दांत, आपल्यापर्यंत आले. तरी मुखपृष्ठावर नाव मेरीचे.

या पुस्तकातला कोल्हा पाहा. तो कुणाचा मंत्री नाही. भुकेला आहे, लहान आहे, आणि नदीकाठी खेकडे शोधत फिरतो. मगर त्याचा पाय पकडते. कोल्हा हसून म्हणतो, वेडी कुठली, लव्हाळ्याचे मूळ धरून बसलीस! मगर पाय सोडते. पुढे मगर पाण्यात दडते तर तो बुडबुड्यांवरून तिला ओळखतो, तिच्याच तोंडून ती कुठे आहे ते वदवून घेतो. मगर त्याच्या बिळात जाऊन बसते तेव्हा तो दारात उभा राहून घराशीच बोलतो: रोज तू मला खुशाली सांगतेस, आज गप्प का? आणि मगर आतून उत्तर देते. मग कोल्हा लाकडे गोळा करतो आणि बिळाच्या तोंडाशी आग लावतो.

(इंग्रजी पुस्तकात मगरीला ‘ॲलिगेटर’ म्हटले आहे. ॲलिगेटर दख्खनच्या नद्यांत नाही. म्हणजे प्राण्यांची अदलाबदल फक्त आपणच केली असे नाही.)

दुसऱ्या एका गोष्टीत एक कोल्हा आणि त्याची बायको सिंहाला विहिरीत त्याचे प्रतिबिंब दाखवून बुडवतात. पंचतंत्रात हे काम सशाचे. दख्खनच्या सांगणाऱ्यांनी ते कोल्ह्याच्या घरात नेले, नवरा-बायकोचा संवाद घातला, बायकोची भीती घातली. दमनक आणि हा कोल्हा, नाव एक असले तरी, वेगळ्या जगाचे आहेत. दमनक सत्तेच्या जवळ जाण्यासाठी खोटे बोलतो. ॲनाचा कोल्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहण्यासाठी. पहिल्याची गोष्ट राजपुत्रांना शिकवली गेली. दुसऱ्याची गोष्ट आजीने नातीला सांगितली, आणि त्या नातीने दुसऱ्याच्या घरची मुले सांभाळली. मला वाटते, मगरीच्या तोंडातून पाय सोडवून घ्यावा लागणे म्हणजे काय, हे ॲनाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दोन्ही कोल्ह्यांना ‘लबाड’ या एकाच विशेषणात कोंबणे ही चित्रपुस्तकांची खरी चूक. रंगाचे एक वेळ सोडून देऊ.

ॲनाच्या कोल्ह्याचा पुढचा प्रवास परदेशातच अधिक झाला. जोसेफ जेकब्जने 1892 च्या आपल्या भारतीय परीकथांच्या सचित्र संग्रहासाठी फ्रिअरच्या पुस्तकातून कथा घेतल्या. अमेरिकेत सारा कोन ब्रायंटने 1907 मध्ये मुलांना सांगायच्या गोष्टींचे पुस्तक काढले, त्यात छोटा कोल्हा आणि मगर आहेत. हितोपदेशाचेही तसेच. उंदराचे मांजर, मांजराचा कुत्रा आणि शेवटी वाघ करणाऱ्या साधूची कथा मार्सिया ब्राउनने लाकडी ठशांच्या चित्रांत सांगितली आणि 1962 मध्ये अमेरिकेतले चित्रपुस्तकांचे सर्वांत मानाचे कॅल्डेकॉट पदक मिळवले. ते पुस्तक एकदा जरूर पाहा. मोजक्या रंगांचे ठसे, लाकडाच्या रेषा तशाच दिसणाऱ्या, आणि वाघाचा पुन्हा उंदीर होतो तेव्हा कुणीही कुणाची समजूत काढत नाही.

इकडे आपल्या पिढीच्या आठवणीतला कोल्हा ‘टिंकल’मधला. 1980 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या या मासिकात कालिया कावळा होता, आणि त्याच्या विरुद्ध चमाटका कोल्हा व डूब डूब मगर. ॲनाच्या गोष्टीत ज्यांचे हाडवैर, ते दोघे इथे भागीदार झाले आणि दोघे मिळून दर महिन्याला फजीत पावले. धूर्तपणाचे पद कावळ्याकडे गेले, कारण कावळा सशांना वाचवतो. बुद्धी चालेल, पण ती परोपकारी हवी. कोल्हा स्वतःच्या पोटासाठी बुद्धी वापरायचा. ते मुलांच्या मासिकात बसेना. मला कालिया आवडायचा. चमाटकाबद्दल वाईट वाटायचे हे मात्र आज कबूल करते.

चित्राच्या बाबतीत वेगळी वाट आहे का? आहे, आणि ती नागपूरपासून फार दूर नाही. हे शहर वसवले गोंड राजा बख्त बुलंदशहाने. नागपूरला राहिलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने गोंडांच्या लिंगोची गाथा उतरवून घेतली. तो 1863 मध्ये बुडून वारल्यावर 1866 मध्ये त्याचे कागद पुस्तकरूपाने निघाले. तिकडे सातपुड्यापलीकडच्या पाटनगढच्या परधान गोंड चित्रकारांनी गेल्या चाळीसेक वर्षांत प्राणी रंगवण्याची स्वतःची भाषा घडवली आणि त्यातल्या काहींनी ती चित्रपुस्तकांत आणली. भज्जू श्यामने 2004 च्या ‘द लंडन जंगल बुक’मध्ये लंडनची बस कुत्रा म्हणून आणि बिग बेन कोंबडा म्हणून रंगवला. लंडनला गोंडी प्राण्यांचे रूप देता येते, तर नागपूरच्या दुकानातल्या कोल्ह्याला निदान कोल्ह्याचे रूप द्यायला हरकत नसावी.

परवा भाचीला मी ॲनाची गोष्ट सांगितली, पुस्तकाशिवाय. लव्हाळ्याच्या मुळाशी ती हसली. बिळाशी कोल्हा बोलू लागला तेव्हा तिने माझ्या हाताची बोटे धरली. आग लागल्यावर तिने विचारले, “मग कोल्ह्याने सॉरी म्हटले?”

“नाही.”

“मगरीने?”

“तिनेही नाही.”

ती जरा वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ते घराशी बोलतो ना, तिथून परत सांग.”